ठोकळा धरणारा हात

आमच्या सोर्नीव गावात बर्फ वितळायला लागलं की घराघराच्या पन्हळीतून पाणी वाजू लागतं. त्या वाजण्यावरून मी अजूनही सांगू शकतो, कुठली पन्हळ कुणाच्या हातची. शहरातून आणून लावलेली पन्हळ खडखडते. एर्मेसची पन्हळ बोलते, खालच्या आवाजात, म्हातारीनं धार काढताना गाईशी बोलावं तशी. उभा जन्म या माणसानं पत्रा वाकवण्यात घातला. छपरं केली, धुराडी केली, दुधाच्या चरव्या केल्या. द्राक्षाच्या चोथ्याची दारू गाळायला लागणाऱ्या तांब्याच्या नळ्याही केल्या, पण त्याबद्दल आमच्याकडे कुणी कुणाला फार विचारत नाही.

आणि त्यानं गाड्यांना नाकं केली. मला सांगायचंय ते यातल्याच एका नाकाबद्दल.

मे महिना सरत आला की आमच्या घाटात जुन्या गाड्यांची शर्यत असते. खालच्या पुलापाशी सुटायचं आणि खिंडीतल्या कुरणात पोचायचं. एकेक गाडी सुटते, तिची लढाई फक्त घड्याळाशी. त्यामुळे आमच्या खोऱ्यात ज्याच्या गोठ्यात गाय उरली नाही त्याच्या गोठ्यात एखादी जुनी गाडी असते, आणि तिची निगा गाईपेक्षा कमी नसते.

निवेस गावातल्या शाळेची बस चालवते. दिवसभर पोरांना जपून, हळूहळू खाली नेते आणि वर आणते, आणि वर्षातून एक दिवस त्याच रस्त्यावर सगळी कसर भरून काढते. तिची पांढरी अल्फा तिच्याहून वयानं थोरली आहे. त्या साली, बर्फ अजून सावलीत पडून होतं तेव्हा, तिनं गाडी एर्मेसच्या दारात आणून उभी केली.

"एर्मेसकाका, वरच्या वळणांवर धापा टाकते हो ही."

"म्हातारी झाली. मीही टाकतो."

"तुमचं झाकण उघडून बघायला कुणी तयार नाही. हिचं तरी बघा."

एर्मेसनं बॉनेट उघडलं. दोन जोड कार्बोरेटर, त्यांची चार तोंडं, आणि प्रत्येक तोंडावर तुतारीसारखी पसरट नळी. चारही तोंडं उघडी, तापलेल्या इंजिनाच्या बाजूलाच हवा ओढत होती. त्यानं तोंडांसमोर हात धरला आणि म्हणाला, "हिला नाक नाही. चुलीला तोंड लावून श्वास घेते बिचारी. धापा टाकेल नाहीतर काय करेल?"

उपाय त्याला ठाऊक होता. चारही तोंडांना एका पेटीत घ्यायचं आणि पेटीला पुढून, जिथे वारा लागतो तिथून, जाड नळीनं गार हवा द्यायची. ऐकायला सोपं आहे. पण पेटीची भिंत तोंडांच्या फार जवळ आली तर श्वास कोंडतो, फार लांब नेली तर बॉनेट बसत नाही. एर्मेसनं आधी चीजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची पेटी केली, बसवली, कापली, पुन्हा केली. मग अल्युमिनियमचा पत्रा घेतला. असा पत्रा ताठ असताना वाकवला तर कोपऱ्यावर तडकतो, म्हणून त्यावर कपड्याचा साबण घासायचा आणि खालून आच द्यायची. साबण कॉफीच्या रंगाचा झाला की आच काढायची. तेवढ्यात पत्रा मऊ होतो, मग त्याला काहीही सांगा, ऐकतो.

"माझा साबण पुन्हा संपला," त्याची बायको दोरीना दारातून म्हणाली. "एवढा स्वच्छ पत्रा आणि एवढा मळका नवरा या खोऱ्यात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नसेल."

"नवऱ्याला आच देऊन बघ, मऊ होतो का."

"चाळीस वर्षं देतेय."

पेटीची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची असते. धूळ-खडे अडवणारी जाळी नळीच्या पुढच्या टोकाला असते. म्हणजे बाहेरून येणारा कचरा जाळी अडवते, पण खुद्द पेटीच्या आत काही सुटलं तर त्याला अडवणारं कुणी नाही. ते थेट इंजिनाच्या पोटात जाणार. म्हणून एर्मेस सांधे भरीव रिव्हेटनं मारायचा. रिव्हेटचं डोकं आतून, त्याला आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, आणि बाहेर आलेली शेपटी हातोडीनं चेपायची. असं मारलेलं रिव्हेट माणसाआधी सुटत नाही. पण हे काम दोन माणसांचं आहे. एकानं मारायचं, एकानं धरायचं.

इतकी वर्षं ठोकळा धरला तो दुइल्योनं.

दुइल्यो पुलापाशी राहायचा. इंजिनं बांधणं हे त्याचं काम, आणि ते काम त्याच्यासारखं आमच्याकडे कुणी केलं नाही. निवेसच्या अल्फाचं इंजिनही त्याच हिवाळ्यात त्यानं पार सुटं करून बांधलं होतं. तो आणि एर्मेस शाळेत एका बाकावर बसले, भूकंपात दोघांची घरं एकाच रात्री पडली, आणि दोघांनी एकमेकांच्या भिंती उभ्या केल्या. त्या दिवसांत कुणी कुणाला 'जमतंय का रे' असं विचारलं नाही. आमच्या डोंगरात विचारत नाहीत. शेजाऱ्याचा दगड उचलायचा, आपलं रडणं गिळायचं आणि पुढे व्हायचं. आम्हाला याचा अभिमान आहे. तो सगळाच खरा आहे असं मात्र आता मी म्हणणार नाही.

निवेसनं गाडी आणायच्या आधीच्या नाताळात एर्मेसच्या स्वयंपाकघरात दुइल्योचा कप बशीवर वाजला. थोडाच वाजला. दुइल्योनं दुसरा हात लावून तो थांबवला, आणि दोघेही खिडकीबाहेर बर्फ बघू लागले. मग महिनाभरानं गुत्त्यात त्याचा वाइनचा पेला तसाच हलला. तेव्हापासून दुइल्यो हात खिशात ठेवू लागला आणि एर्मेस खिशाकडे न बघायला शिकला.

एप्रिलात पेटी होत आली. जिथे आपलाच डावा हात ठोकळा धरू शकतो, तिथली रिव्हेटं एर्मेसनं एकट्यानं मारली. उरला तो खालचा, मागचा कोपरा. तिथे एका माणसाचे दोन हात पोचत नाहीत. एर्मेसनं फोन उचलला आणि परत ठेवला.

त्याच्या मनात काय होतं ते नंतर त्यानंच सांगितलं. ठोकळा हलला तर रिव्हेट वाकडं बसतं, हे दोघांनाही ठाऊक. बोलावलं तर दुइल्योचा हात त्या दोघांच्या मध्ये पत्र्यावर उघडा पडणार. नाही बोलावलं तर पडणार नाही. दुसरं काही नाही, मित्राची लाज झाकायची होती.

त्यानं पन्हळीचे आकडे बसवायला वापरायचा ते पॉप रिव्हेट घेतलं. ते एकाच बाजूनं, एकट्याला मारता येतं. पोकळ रिव्हेटमधून खिळा आरपार असतो, चिमट्यानं ओढला की रिव्हेट आतून फुगतं आणि खिळा तुटतो. खिळ्याचं मुंडकं तेवढं आत अडकून राहतं. राहतं, असं धरून चालायचं असतं. एर्मेसनं त्या कोपऱ्यात तशी रिव्हेटं मारली, ओढून पाहिली, घट्ट वाटली. पेटी गाडीला बसवल्यावर तो कोपरा इंजिनाकडे तोंड करून लपला.

दुइल्यो पेटी बघायला आला. वरून अंगठा फिरवला, मान डोलावली.

"मागचा कोपरा कुणी धरला?"

"मीच. जमलं."

"हं," दुइल्यो म्हणाला आणि हात परत खिशात घातला.

शर्यतीच्या दिवशी आम्ही चॅपेलच्या वरच्या वळणावर, दगडी कठड्यावर बसलो होतो. अल्फा खालून येताना आधी ऐकू आली. असा मोकळा, भरल्या छातीचा आवाज त्या गाडीनं कधी काढला नव्हता. एर्मेस डोळे मिटून ऐकत होता. आणि वळणातून बाहेर पडताना, पत्र्याच्या डब्यात खडा टाकून हलवावा तसा आवाज आला, मग धूर, मग काहीच नाही. निवेस धडधाकट उतरली, हेल्मेट काढून कठड्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "किती छान गात होती हो काका." रडली असती तर बरं झालं असतं.

इंजिन दुइल्योनंच उघडलं. एका पिस्टनच्या माथ्यावर खड्डेच खड्डे, एक झडप वाकलेली, आणि चेंदून ओळखू न येणारा लोखंडाचा बारीक कण. दुइल्योनं तो कण फडक्यावर काढून ठेवला. मग म्हणाला, "वॉशर असेल. माझ्याच हातून राहिला असेल." ज्याचा आपल्याच हातावर संशय बसला, तो दुसरीकडे कशाला शोधायला जाईल?

बातमी तीतेच्या गुत्त्यात पोचायला वेळ लागला नाही.

"वॉशर आत ठेवला म्हणे."

"दुइल्योनं? छे!"

"छे काय? त्याचा पेला बघितलास का हल्ली? अर्धा पोटात, अर्धा टेबलावर."

"टेबलालाही तहान असते रे."

"वॉशर काय घेऊन बसलात, पुढल्या वेळी इंजिनातून त्याचा चष्मा निघेल!"

सगळे हसले. हसता हसता थांबले, कारण दुइल्यो दारात उभा होता. तो गल्ल्यापाशी आला, पेला दोन्ही हातांनी धरून प्यायला आणि रिकामा ठेवला. "चष्मा नाही निघणार," तो म्हणाला. "पुढली वेळच नाही." आणि गेला. एर्मेस हातात पत्ते धरून बसला होता. पान कुठलं टाकायचं ते त्याला सुचलं नाही.

दोन-तीन दिवसांनी निवेसनं पेटी परत आणून दिली. एर्मेसनं ती धुतली, पुसली आणि सहज खिडकीकडे धरून आत डोकावला. आतल्या काळोखात, खालच्या मागच्या कोपऱ्यात, टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. एका रिव्हेटमधून आरपार दिवस दिसत होता. खिळ्याचं मुंडकं तिथे नव्हतं. ते कुठे गेलं हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

त्यानं पेटी खाली ठेवली, त्यावर पोतं टाकलं आणि दोरीनाला सांगितलं की आज जेवण नको.

जून लागला. गवत कापायचे दिवस. सगळं गाव उतारांवर, विळ्यांना धार लावण्याचा आवाज, वाळत्या गवताचा गोड वास. असे दिवस आमच्याकडे सगळ्यांत हलके असतात. एर्मेसला मात्र त्या दिवसांत गवताचा भारा उचलवेना. पुलापाशी दुइल्योच्या कारखान्याचं दार बंद दिसायचं. एकदा तो जाताना दार उघडं होतं, आणि आत दुइल्यो पान्यांचे संच फडक्यात गुंडाळत होता.

"काय करतोस?"

"कोकिनोला देतोय. पलीकडच्या खोऱ्यात काम सुरू करतोय तो. गंज खाण्यापेक्षा बरं."

"एवढी घाई काय?"

"घाई नाही. उशीरच झाला. त्या पोरीला काही झालं असतं म्हणजे?"

एर्मेसच्या ओठांवर आलं होतं. रिव्हेट माझं होतं, एवढंच. पण त्यामागून दुसरा प्रश्न येणार होता, पॉप रिव्हेट कशाला मारलंस, मला का नाही बोलावलंस. त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे होतं, आणि ते त्या माणसाच्या तोंडावर सांगण्यापेक्षा छपरावरून पडलेलं बरं, असं त्याला वाटलं. "गवत यंदा बरं आहे," तो म्हणाला. "बरं आहे," दुइल्यो म्हणाला. एर्मेस घरी आला.

दोरीना सगळं बघत होती. चुलीवर मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळता ढवळता एक दिवस म्हणाली, "तुझ्या घशात काय अडकलंय ते मला नको सांगूस. पण गिळ तरी नाहीतर थुंक तरी. अर्ध्या घासानं माणूस मरतो."

जूनच्या अखेरीस, संत पीटरच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे चिदुला सोडतात. बीच झाडाच्या लाकडाच्या थाळ्या, मधे भोक पाडलेल्या. गावावरच्या कड्यावर मोठा जाळ करून त्यात त्या लाल करायच्या, काठीवर घेऊन गरगर फिरवायच्या आणि उताराकडे भिरकावायच्या. प्रत्येक थाळीबरोबर वरून कुणाचं तरी नाव ओरडायचं, ही अमक्याच्या मानाची, ही तमकीच्या लग्नाची. खाली सगळं गाव अंगणात उभं राहून ऐकतं. कुणाचं कुणाशी जमलं हे आमच्याकडे आधी कड्यावरून कळतं, मग आईबापांना.

त्या साली पोरांच्या थाळ्या संपल्यावर एर्मेस पुढे झाला. म्हातारा माणूस जाळाकडे येतोय म्हटल्यावर पोरं बाजूला सरली. त्यानं थाळी लाल केली, फिरवली आणि ओरडला. आवाज तर असा की पलीकडच्या डोंगरानं पुन्हा म्हणून दाखवावं.

"ही दुइल्योच्या हाताच्या मानाची! त्याच्या हातून काही राहिलं नाही! इंजिन मोडलं ते माझ्या रिव्हेटनं, पत्रेवाल्या एर्मेसच्या!"

थाळी ठिणग्या सांडत अंधारात गेली. खालून टाळ्या वाजल्या. निवेस ओरडली, "एर्मेसकाका, आता नवी पेटी करा म्हणजे झालं!" लोक हसले. तीतेनं त्याला गुत्त्यात पेला भरून दिला. चष्म्याचा विनोद ज्यानं केला होता, त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "मर्द आहेस, पत्र्या." एर्मेसला महिन्याभरात पहिल्यांदा अंग हलकं वाटलं. दुइल्यो गर्दीत नाही, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

सकाळी दुइल्यो आला. दोरीनानं त्याच्यापुढे कपबशी ठेवली नाही. कॉफीचा मोठा मग अर्धाच भरून ठेवला आणि कोंबड्यांचं निमित्त करून बाहेर गेली.

"ऐकलं मी," दुइल्यो म्हणाला. "घरात बसून ऐकू आलं. गळा अजून दणदणीत आहे तुझा."

"चूक माझी होती, दुइल्यो."

"ते कळलं. सगळ्या खोऱ्याला कळलं. मी दुसरं विचारायला आलोय. मला का नाही बोलावलंस?"

"तू कामात होतास."

"मी? एप्रिलात? मी पुलावर बसून मासे मोजत होतो."

काल जाळ होता, अंधार होता, खाली गाव होतं. ओरडायला किती सोपं गेलं होतं. इथे नुसतं एक टेबल होतं.

"तुझा हात," एर्मेस म्हणाला.

"काय झालंय माझ्या हाताला?"

"थरथरतो."

तो शब्द आजवर कुणी दुइल्योच्या तोंडावर उच्चारला नव्हता. दुइल्योनं हातातला मग खाली ठेवला, ठेवताना कॉफी सांडली. या वेळी दोघांपैकी कुणी खिडकीबाहेर बघितलं नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"नाताळापासून. तुला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?"

"मला माहीत होतं. तुला माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं." त्यानं सांडलेली कॉफी बाहीनं पुसली. "तीतेकडे हसले ते हसू देत. ते दारू पितात, हसतात, त्यांचं काय? पण तू माझ्या पाठीमागे माझा हात मोडीत काढलास. विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, नको रे, नाही जमायचं आता. ते 'नाही' माझं होतं, एर्मेस. तेवढंही तू मला म्हणू दिलं नाहीस."

दुइल्यो उठून गेला. कॉफीचा मग तसाच टेबलावर राहिला.

पाने कोकिनोकडून परत आले नाहीत. निवेसनं इंजिन खालच्या शहरात नेऊन बांधून घेतलं. पुलावरून जाताना ते बंद दार एर्मेसला रोज बघावं लागे. गावानं त्याला माफ केलं होतं, आणि गाव माफ करायला किती उतावीळ असतं हे बघून त्याला स्वतःची जास्तच लाज वाटे.

सप्टेंबरात त्यानं नवी पेटी करायला घेतली. पुठ्ठा, साबण, आच, सगळं पुन्हा. शेवटी तोच कोपरा उरला. तो हातोडी ठेवून पुलाकडे चालत गेला आणि दुइल्योचं दार वाजवलं.

"मागचा कोपरा आलाय. ठोकळा धरशील का?"

"नाही," दुइल्यो म्हणाला.

एर्मेसनं मान डोलावली आणि वळला.

"आज नाही," पाठीमागून आवाज आला. "आज वाईट आहे हात. सकाळी, कॉफी प्यायच्या आधी, जरा बरा असतो."

दुसऱ्या दिवशी दवाच्या गवतातून दुइल्यो आला, जुना चामडी एप्रन लावून. दोघांनी हवापाण्याचं बोलणं केलं नाही. दुइल्यो बाकावर बसून पुढे वाकला, कोपर मांडीवर रोवलं, मनगट पत्र्याच्या कडेला टेकवलं आणि ठोकळा आत घालून सगळ्या अंगानं दाबला. एर्मेसनं मारायला सुरुवात केली. पहिलं रिव्हेट नीट बसलं. दुसरंही. पुढच्याला, हातोडी पडायच्या ऐन वेळी, ठोकळा आत किंचित सरकला. आवाजावरूनच दोघांना कळलं.

एर्मेसनं आत हात घालून अंगठा फिरवून बघितलं. डोकं एका बाजूनं उचललेलं होतं. छान बसलं म्हणावं, आणि तो गेल्यावर काढून टाकावं, हे त्याच्या जिभेवर तयार होतं. दुइल्यो त्याच्याकडे बघत होता.

"वाकडं गेलं," एर्मेस म्हणाला.

"मग काढ की," दुइल्यो म्हणाला, आणि हात झटकून त्यानं ठोकळा पुन्हा आत घातला.